खात्री केली आहे

बाबा, आज सकाळचा चहा व्हायच्या आत माझ्या मोबाईलवर गावच्या एकाच ग्रुपमधून एकशे चौदा बातम्या येऊन पडल्या. मोजल्या म्हणून सांगतो. कडुलिंबाच्या पाल्याने साखरेचा आजार आठवड्यात बरा होतो, ही त्यातली एक. मागच्या पावसाळ्यात हीच बातमी सीताफळाच्या पाल्याची होती, म्हणजे पाला बदलला, आजार आहे तिथेच आहे. कुठल्याशा राज्यातली एक बाई रडत होती, आणि ती का रडते हे खाली तीन जणांनी तीन तऱ्हेने लिहिलं होतं. सोयाबीनचा भाव एकाच्या म्हणण्याने आभाळाला टेकला होता, दुसऱ्याच्या म्हणण्याने मातीत गेला होता, आणि दोघांनीही आपापल्या बातमीखाली हात जोडल्याचं चित्र लावलं होतं. तुम्ही गेलात त्याला चोवीस वर्षं झाली. तेव्हा आपल्या मुकुटबनात एखादी थाप पसरायला आठवडी बाजार लागायचा. आता थाप मारायला माणसाला खाटेवरून उठावंसुद्धा लागत नाही.

गावात सध्या तीन पत्रकार आहेत. त्यातला एक आधी लग्नांचं शूटिंग करायचा. आता त्याचं मोबाईलवर चॅनेल आहे, हातात रंगीत बोंडूक लावलेला माईक आहे आणि अंगात भर उन्हात जाकीट आहे. कोणाच्या शेतात वीज पडून बैल मेला तर हा मालकाच्या तोंडासमोर माईक धरून विचारतो, ‘आपल्याला कसं वाटून राह्यलं?’ बैलाला विचारायचं तेवढं बाकी ठेवतो. टीव्ही लावावा तर आठ चौकोनांत आठ तोंडं एकदम बोलतात. आणि आपले लोक, म्हणजे ज्यांना वांगं घेताना चार वांगी उलटीपालटी करून देठाशी कीड पाहायची सवय आहे, तेच लोक बातमी मात्र डोळे मिटून घेतात आणि डोळे मिटूनच पुढे ढकलतात. विचारावं, की बाबा रे, खरं-खोटं पाहून का पाठवत नाहीस, तर उत्तर ठरलेलं: वेळ कुठे आहे. रोज चार तास काचेवर अंगठा घासायला वेळ आहे. एक फोन लावायला नाही. मला ह्या ‘वेळ नाही’ची इतकी चीड आहे की कोणी म्हटलं की माझं डोकं तडकतं. त्याचं कारण पुढे येईल.

तुम्हाला वेळ नव्हता, हे मी पाहिलेलं आहे. पांढरकवड्याच्या कापूस खरेदी केंद्रावर हंगामात तुम्ही सकाळी सातला उभे राहायचात ते अंधार पडेपर्यंत. कापूस भरलेल्या बैलबंड्यांची रांग हायवेपर्यंत गेलेली असते. प्रत्येक बंडीत वरचा कापूस दुधासारखा, कारण वरचा थर हा ग्रेडरला, म्हणजे तुम्हाला, दाखवायचाच असतो. तुम्ही वरच्या कापसाकडे बघतसुद्धा नाही. शर्टाची बाही वर सारता, बंडीच्या मधोमध कोपरापर्यंत हात घालता आणि तळातला मूठभर कापूस बाहेर काढता. तो कधी किडक्या बोंडांतली पिवळट कवडी असतो, कधी वजनासाठी पाणी मारलेला. दोन अंगठ्यांत धरून धागा ओढता, क्षणभर बघता, आणि ग्रेड सांगता. एका बंडीला दोन मिनिटंही लागत नाहीत. शेतकरी आवाज चढवतो, व्यापारी डोळा मारतो, तुम्ही पुढच्या बंडीपाशी गेलेले असता. लोक तुम्हाला खडूस म्हणायचे आणि बंडी मात्र तुमच्याच रांगेत लावायचे.

पेपरही तुम्ही तसाच वाचायचात. घरी पेपर यायचा तो दुपारच्या एसटीने, आणि तुमच्या हाती पडायचा रात्रीच्या जेवणाच्या वेळी. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर, आणि पेपर ताटाच्या डाव्या अंगाला. पहिलं पान तुम्ही उघडल्या-उघडल्या मागे दुमडून टाकता. मी एकदा विचारलं, पहिलं पान का वाचत नाही? तुम्ही म्हणालात, ‘ते वरचा थर होय. हात खाली घाल.’ मग आतल्या पानावर बोट ठेवून तुम्ही तेवढंच शोधायचात: हे कोणी सांगितलं, तो तिथे होता का, आणि हे छापून त्याचा काय फायदा. बातमीत ‘असे समजते’ आलं की बोट पुढे. ‘जाणकारांच्या मते’ आलं की तुम्ही नाकाने हसायचात. भाकरी संपेपर्यंत पेपर संपलेला असायचा. नंतर दहा मिनिटं रेडिओवरच्या प्रादेशिक बातम्या, आणि दोन्हीकडे जुळलं तेवढंच तुमच्या लेखी झालेलं असायचं. बाकीच्याला तुम्ही ‘पाहू’ म्हणायचात. आई म्हणायची, ‘ह्यांले आभाळ पडलं सांगतलं तरी हे पाहूच मनतीन.’

मी एकोणीस वर्षांचा, यवतमाळला कॉलेजात. एका शनिवारी एसटीतून येताना मागच्या बाकावरचा माणूस सांगत होता, की सोमवारपासून कापसाचा भाव वाढतो, मंत्रालयातून निघालं आहे. मी पांढरकवड्याला उतरलो, थेट केंद्राच्या फाटकावर गेलो आणि ते ऐटीत सांगितलं. ग्रेडरचा पोरगा सांगतो म्हटल्यावर कोण शंका घेणार? अकरा बंड्या रांगेतून बाहेर पडल्या आणि परत फिरल्या. तुम्ही आत होता. बाहेर आलात तेव्हा रांगेत भोक पडलेलं. सगळं ऐकून घेतलंत आणि मला फाटकाच्या मधोमध उभं केलंत.

‘तुले कोनं सांगतलं?’

‘एसटीत एक जण होता.’

‘त्यानं कागद पाह्यला का?’

‘नाही मालूम.’

‘मंग हेच सांगाचं होतं ना, का मले नाही मालूम. हे मनाले लाज वाट्टे काय तुले? लोक दोन दिवस रांगेत उभे होते बे! जा. सायकल घे, बंड्या गाठ. एकेकाले सांग, का मी ऐकलेलं बोललो. जेवाले मंग बसशीन.’

तुम्ही ओरडला नाहीत, त्यामुळे सगळ्यांना नीट ऐकू गेलं. मी चौकीदाराची सायकल घेऊन मुकुटबनच्या रस्त्याला लागलो. ऊन उतरेपर्यंत सात बंड्या गाठल्या. प्रत्येक बंडीपुढे उतरायचं, बैल थांबेपर्यंत सोबत चालायचं आणि सांगायचं, की काका, मी ऐकलेलं बोललो, मला माहीत नाही. एकाने शिवी दिली. एकाने पाणी पाजलं आणि मग शिवी दिली. चार बंड्या आडवाटेने गेल्या होत्या, त्या सापडल्या नाहीत. भाव काही वाढला नाही. त्या चौघांना पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं राहावं लागलं, आणि तुम्ही त्यांच्यापाशी स्वतः जाऊन माझ्या वतीने माफी मागितलीत, हे मला आईने सांगितलं. तुमचा मला तेव्हा भयंकर राग आला होता. एवढ्या-तेवढ्यासाठी माणसाने माणसाचं इतकं करू नये असं वाटलं होतं.

आता मागच्या हिवाळ्यातलं सांगतो. आपलं नाल्याकडचं शेत तुम्हाला ठाऊक आहे, त्याच्या पलीकडे जंगल सुरू होतं. दिवाळीनंतर त्या नाल्यात वाघाने एक गोऱ्हा मारला. वनखात्याची जीप भोंगा लावून फिरली: एकट्याने शेतात जाऊ नका, वाकून काम करू नका. कापूस वेचायचा आणि वाकायचं नाही, हे त्यांनी एकदा करून दाखवावं असं मी तेव्हा दुकानात बसून चार लोकांत म्हणालो, आणि लोक हसले. मी माझं विजेच्या सामानाचं दुकान चालवतो, शेत मजुरांवर. वेचणाऱ्या बाया यायच्या बंद झाल्या. शेत पांढरं पडलेलं, बोंडं लोंबून खाली गळायला लागलेली, आणि आभाळ रोज दुपारी भरून यायचं. मी दिवसातून तीनदा आभाळ बघायचो आणि तीनदा वाघाला शिव्या द्यायचो.

अशा एका दुपारी ग्रुपवर व्हिडिओ आला. पिंजऱ्यात वाघ, दहा-बारा माणसं पिंजरा ट्रकवर चढवताहेत, आणि वर लिहिलेलं: वाघ जेरबंद, मुकुटबन परिसरातील नागरिकांनी निर्धास्त राहावे. तुमची सून दुकानातच माझ्या शेजारी वाटाणे सोलत होती. ती म्हणाली, ‘गार्डबाईले फोन करून इचारा ना.’ वनखात्याच्या गार्डबाईंचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये होता, भोंग्याच्या जीपमधून त्यांनीच वाटला होता. मी म्हणालो, ‘सगळ्या गावाले मालूम हाय, तूच राह्यली.’ आणि मी तो व्हिडिओ आपल्या वेचणीवाल्या बायांच्या घरी पाठवला. नुसता ढकलला नाही. ढकललेल्या मजकुरावर तशी खूण येते, आणि ती खूण दिसली की लोक जरा बिचकतात. म्हणून मी तो उतरवून घेतला, नव्याने टाकला, आणि खाली माझ्या हाताने लिहिलं: खात्री केली आहे.

ह्या वेचणाऱ्या बायांची एक म्होरकी आहे. जंगलाच्या कडेला कोलाम आदिवासींची वस्ती, त्यांचा पोड आहे, तिथली. चाळीस-पंचेचाळीसची असेल. दोन्ही हातांनी एकदम वेचते, म्हणजे वेचायची. बाकीच्या एक ओळ संपवायच्या तोवर हिच्या दोन व्हायच्या. लहानपणी ती बापाच्या बंडीवर बसून तुमच्या केंद्रावर यायची. कोलामाची बंडी म्हटलं की लोक काहीही ग्रेड लावून मोकळे व्हायचे, तुम्ही मात्र तिच्या बापाच्या बंडीतही तसाच कोपरापर्यंत हात घालायचात, हे ती मला दर वर्षी न चुकता सांगते. तिला वाचता येत नाही. तिच्या सुनेने माझा मेसेज वाचून दाखवला, आणि संध्याकाळी तिचा फोन आला.

‘भाऊ, खरंच धरला का वाघ?’

‘धरला ना. व्हिडिओ आहे.’

‘तुमी मनता तं येतो मंग. दुसऱ्या कोनाचं असतं तं नसती आली. ग्रेडरबाबाच्या घरचं खोटं नसते.’

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आणि चार बाया शेतात गेल्या. मी दुकानात होतो. कापसाच्या मधूनमधून तुरीच्या ओळी आहेत, तूर डोक्याच्या वर गेलेली. वाघ त्या तुरीत बसला होता. ती वाकलेली होती. बाकीच्या चौघींनी डबे बडवले, ढेकळं मारली, एकीने विळा फेकला, म्हणून त्याने तिला सोडलं. मी पोहोचलो तेव्हा बांधावर तिला चादरीत घेतलेलं होतं आणि तिने कमरेला बांधलेली कापसाची ओटी तशीच होती, निम्मी भरलेली. ती यवतमाळच्या दवाखान्यात दीड महिना होती. जिवानिशी वाचली. उजवा हात आता खांद्यापासून उचलत नाही, बोटं वळत नाहीत. ज्या हातांवर तिचं घर चालायचं त्यातला एक गेला.

गार्डबाई पंचनाम्याला आल्या. पंचविशीतली पोरगी, आपल्या दारव्ह्याकडची. माझ्या मोबाईलवर व्हिडिओ पाहिला आणि म्हणाली, ‘काका, माहा नंबर होता ना तुमच्याजवळ? एक फोन कराचा होता. दोन मिनिटाचं काम.’

मी म्हणालो, ‘घाईत होतो बाई. गिऱ्हाईक होते. वेळच नाही भेटला.’

‘हा इकडचा नाहीच व्हिडिओ. नीट पाह्यला असता तरी समजलं असतं.’

‘नीट नाही पाह्यला,’ मी म्हणालो.

ती माझ्याकडे थोडा वेळ बघत राहिली, मग लिहायला लागली. तुमच्या वयाची नव्हती, पण नजर तशीच होती, आणि मी खाली बघितलं.

त्यानंतर मी सुधारलो, असं गाव म्हणतं. सगळे ग्रुप सोडले, फक्त गावचा ठेवला. दिवसातून पंधरा मिनिटं, त्याच्या वर नाही. एक पेपर घेतो, तोही आतल्या पानापासून. पाऊस-पाण्यासाठी सरकारी हवामानाचं पान बघतो, भावासाठी बाजार समितीत फोन लावतो, वाघासाठी गार्डबाईला. जो माणूस ‘मला माहीत नाही’ असं म्हणू शकतो त्याचं बाकीचं ऐकतो, अशी जिल्ह्यात मला चार माणसं सापडली आहेत, आणि चार पुरतात. दोन एकमेकांचं तोंड न बघणारे पेपर एकच गोष्ट सांगत असतील तर ती बहुतेक झालेली असते. एवढंच आहे सगळं, बाबा. ह्याला ना शिक्षण लागतं ना वेळ. ग्रुपवर कोणी काही टाकलं की मी खाली विचारतो, कोणी पाहिलं? मग टाकणारा गप्प बसतो. आता तर लोकच म्हणतात, ग्रेडरच्या पोराला विचारा, तो खात्री केल्याशिवाय बोलत नाही, बापावर गेला आहे. जाकीटवाल्याने ‘अफवांपासून सावध राहा’ म्हणून माझी मुलाखतसुद्धा घेतली. मी दिली. नाकाने कांदे सोलावेत तशी दिली. ज्या सगळ्यांची मी वर एवढी थट्टा केली त्यांच्यात इतका निर्लज्ज एकही नाही, कारण ते बिचारे निदान मूर्ख आहेत.

तिला भेटायला मी पंधरा दिवसांनी जातो. सरकारी मदतीचे कागद मीच भरून दिले, त्याचे पोडावर माझे उपकार मानतात. मागच्या खेपेला ती अंगणात डाव्या हाताने तुरीच्या शेंगा सोलत होती. एक शेंग गुडघ्यांत धरायची आणि डाव्या हाताने उकलायची. मी बाजेवर बसलो. सुनेने चहा आणला.

‘भाऊ, तुमी जीवाले लावून नका घेऊ,’ ती म्हणाली. ‘तुमाले तरी काय मालूम? त्या मोबाईलवाल्यानं तुमाले फसवलं, तसं मले बी फसवलं. तुमी काऊन खोटं सांगसान?’

मी चहा प्यायलो. चांगला झाला होता, तसं सुनेला सांगितलंही. मग उठून आलो.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे लिहायला बसतानाच ठरलेलं होतं. लिहायचंच तर तिला लिहायला हवं होतं. पोड इथून साडेतीन किलोमीटर आहे आणि सुनेला चांगलं वाचता येतं. पण ती ऐकून घेईल आणि मग माझ्याकडे बघेल, आणि तुम्ही बघू शकत नाही, एवढ्या सोयीसाठी हे तुम्हाला. तेव्हा इथेच लिहून ठेवतो. त्या दुपारी दुकानात एकही गिऱ्हाईक नव्हतं. मी घाईत नव्हतो. तो व्हिडिओ मी दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा थांबवून पाहिला. पिंजरा उचलणाऱ्या माणसांचे पाय लालभडक मातीत होते. आपल्याकडे काळी माती आहे, बाबा, काळीभोर, मी तिच्यात जन्म काढला आहे. ती लाल माती मला दिसली. दिसल्यावर मी एकदा बाहेर आभाळाकडे बघितलं, आणि मग ते तीन शब्द लिहिले.